आईचं चुनखडीचं शेत

आमच्या घरात पाण्याच्या बाबतीत बाबांशी वाद घालायचा नाही असा नियम होता. तो कुणी घालून दिला नव्हता, पण सगळे पाळत. पनवेलच्या खाडीकाठचं आमचं गाव, मिठागरांवर आणि खाऱ्या जमिनीतल्या भातावर जगणारं. बाबा उन्हाळ्यात मिठागरात असायचे आणि पावसाळ्यात शेतात. भरतीचं पाणी बाहेर ठेवायला गावाचा मातीचा मोठा बांध होता. त्याला खांड पडली, म्हणजे भरतीनं तो कुठे फोडला, की पहिली हाक आमच्या दारात यायची. बाबा जायचे, मांडीभर चिखलात उभे राहायचे आणि पाणी कुठून कुठे वळेल ते सांगायचे. ते तसंच वळायचं. असा माणूस घरात असताना त्याला पाण्यातलं तुझं काही चुकतंय असं कोण सांगणार? मी सांगून पाहिलं. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होते, नुकतीच शाळामास्तरीण झाले होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

खाऱ्या जमिनीचा सगळा कारभार एका गोष्टीवर चालतो. पावसाचं गोडं पाणी शेतात कोंडून ठेवायचं. वर गोडं पाणी उभं असलं की जमिनीतलं मीठ खाली दबून राहतं आणि भात जगतं. पाणी सुटलं, शेत उघडं पडलं, की मीठ वर येतं आणि आठ दिवसांत भात करपतं. म्हणून बांधाला चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, भोकसुद्धा खपायचं नाही. बाबा रोज सकाळी पायानं चाचपत बांधावरून चालायचे, कुठे ओल लागली की तिथेच वाकून चिखलाचा गोळा दाबायचे. पाणी धरून ठेवणं म्हणजे शेत सांभाळणं, हे त्यांनी कधी शिकून घेतलं नव्हतं, ते त्यांच्या अंगातच होतं.

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली असतील. एका पावसाळ्यात गावाच्या बांधाला मोठी खांड पडली आणि ती कुणालाच बुजवता आली नाही. बाबांनाही नाही. आमचं शेत खाडीत गेलं. त्याच वर्षी आईचे वडील वारले. आईला भाऊ नव्हता, बहीण नव्हती. आपट्याला पाताळगंगेच्या काठी त्यांचं एक शेत होतं आणि शेताच्या कडेला एक खोलीचं खोपट. दोन्ही आईच्या नावावर आलं.

त्या शेताचं आईला काय होतं ते आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच आहे. आमच्या खाऱ्या जमिनीतला तांदूळ लाल आणि जाडा. आजोबांच्या शेतातला पांढरा, बारीक. लग्न झाल्यापासून दर वर्षी दिवाळीनंतर आजोबा त्या तांदळाचं एक पोतं बैलगाडीतून आमच्याकडे पाठवायचे. आई तो तांदूळ सणालासुद्धा हात राखून काढायची आणि तो शिजत असला की चुलीपासून हलायची नाही. आजोबा गेल्यावर तिला माहेर म्हणून दुसरं काही उरलं नव्हतं. त्या शेतात भात पिकलं तर तिचं माहेर होतं, नाहीतर नव्हतं. तिनं हे कधी बोलून दाखवलं नाही, पण बाराव्याला सगळे निघाले तेव्हा ती खोपटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचत मला म्हणाली, “आता आपल्याला गाडी येयाची नाय. आपुनच गाडी भरायची.”

बाबांनाही ते शेत हवं होतं. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की बाबा वाईट होते. आपल्या हातून गावाचं शेत खाडीत गेलं हे त्यांना लागलं होतं. पाताळगंगेच्या काठची जमीन त्यांना समुद्राच्या तावडीबाहेरची वाटली. कर्नाळ्याचा सुळका मागे टाकून पहिल्यांदा आपट्याला निघालो तेव्हा ते वाटेत माझ्याशी चक्क गप्पा मारत होते, आणि बाबा गप्पा मारणारे नव्हते.

शेत नदीपासून हाकेच्या अंतरावर होतं, सखल, बशीसारखं मध्ये खोल. नदी चढली की एक-दोन दिवस तिचं पाणी त्यात येऊन बसायचं आणि जाताना गाळ ठेवून जायचं. माती काळी, भिजली की अशी चिकट की पाय काढताना आवाज यायचा. एकदा वाळली की तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडायच्या आणि ढेकूळ फोडायला घण लागायचा. आणि तिच्यात सगळीकडे पांढरे खडे, काही हरभऱ्याएवढे, काही सुपारीएवढे, वेडेवाकडे. आजोबा त्यांना चुनखडे म्हणत. नांगरटीनंतर ऊन पडलं की शेतभर पांढरं पांढरं दिसायचं.

बाबांनी ते पांढरं पाहिलं आणि ते थबकले. खाली बसले, चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकले, दुसरीकडची घेतली. आई त्यांच्याकडे बघत उभी होती.

“खारी नाय,” बाबा म्हणाले.

“मीठ नाय ते, चुनखडे हायेत,” आई म्हणाली. “माजा बाप सांगायचा.”

बाबा हसले. “पांढरा हाय आन् मीठ नाय? मी जल्मभर काय पिकवला मंग? खारी लागत नाय म्हंजे मुरलेला हाय, खाली गेला हाय. खालचा वर येऊ दिला नाय म्हंजे झाला.”

पांढरं म्हणजे मीठ हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. ज्यानं आयुष्यभर उन्हात पांढरं फुलताना पाहिलं, त्याला जमिनीत दुसरंही काही पांढरं असू शकतं हे पटणार कसं? मलाही तेव्हा बाबांचंच बरोबर वाटलं होतं. आज मी आईच्या बाजूनं बोलते, पण त्या दिवशी मीही हसले होते.

पहिल्या वर्षी बाबांनी शेताला असा बांध घातला की आपट्याचे लोक बघायला आले. आजोबांचा बांध बुटका, वेडावाकडा, जागोजागी फुटलेला. बाबांनी तो कमरेएवढा चढवला, थापून गुळगुळीत केला, आणि पाणी जायची वाट ठेवली ती इतकी वर की शेत भरल्याशिवाय थेंब बाहेर जाऊ नये. आवणी झाली, म्हणजे रोपं लावून झाली. तीन आठवडे सगळं हिरवं होतं. मग मधल्या खोलगट भागात रोपं बसली. म्हणजे मेली नाहीत, वाढायचीच थांबली. खालच्या पानांवर तांबडे ठिपके आले, ते एकमेकांत मिसळले आणि पान गंजल्यासारखं झालं. एक रोप उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, चिखल निळसर करडा, आणि नाकाला झोंबेल असा कुजका वास.

बाबांनी रोप हातात फिरवलं आणि म्हणाले, “मीठ वर येतंय.” आणि बांध आणखी वीतभर चढवला.

त्या वर्षी भात आलं ते कडेकडेनं. मध्ये पिंजरच, नुसता पोकळ पेंढा झाला. त्या पांढऱ्या तांदळाचं भात निघालं ते दोन टोपल्या. आईनं एक टोपली पुढच्या वर्षीच्या बियाण्याला ठेवली आणि दुसरीतलं कांडून आम्ही एकदा खाल्लं. बाबा जेवताना म्हणाले, “पहिला वर्स हाय. मीठ दबायला तीन वर्सा लागतात.” खाऱ्या जमिनीत खरोखरच तेवढी लागतात.

दुसऱ्या वर्षी आवणीच्या आधी आईनं एक गोष्ट काढली. भाकऱ्या थापता थापता, चुलीकडे तोंड करून. तिच्या लहानपणी भादव्यात एक दिवस असा असायचा की तिचा बाप कुदळीनं बांध तोडायचा आणि सगळं पाणी सोडून द्यायचा. पोरं टोपल्या लावून त्या तोडलेल्या जागेशी बसायची. शेतात वाढलेले मासे पाण्याबरोबर यायचे. त्या दिवशी सगळ्या वाडीला मासे. मग आठ-दहा दिवस शेत तसंच उघडं असायचं, वरची माती केसाएवढी तडकायची, आणि पुढच्या पावसाला बांध परत बांधायचा.

“आठ दिवस उघडा? पिकात?” बाबांनी विचारलं.

“व्हय.”

“कशाला?”

आईचा हात परातीत थांबला. तिला ते ठाऊक नव्हतं. ती तेव्हा लहान होती, तिच्या लेखी तो मासे धरायचा दिवस होता. आजोबांनी कारण कधी सांगितलं नव्हतं, आणि पोरीला शेतीतलं कारण सांगायची त्यांच्याकडे पद्धतही नव्हती. ती म्हणाली, “मासे गावायचे.”

बाबा पोट धरून हसले. “तुजा बाप मासल्यांसाठी पिकातला पानी सोडायचा? बरा की मी त्याच्या हाताखाली नाय व्हतो.” आणि मग कितीतरी दिवस ते जेवताना कालवणात मासा दिसला की आईला चिडवायचे, “बांध तोडू का?” आईही हसायची. त्या हसण्याचा मला आता राग येतो, तिच्या आणि माझ्याही.

त्याच सुमारास शेतकी खात्याचा एक तरुण माणूस नदीकाठची माती तपासत आपट्याला आला. पुण्याकडचा, चष्मेवाला, अर्ध्या चड्डीत, हातात लोखंडाचा पिळाचा गज. तो गज जमिनीत फिरवून तो खालची माती वर काढायचा आणि कागदावर ओळीनं मांडायचा. मला शाळेला सुट्टी होती, म्हणून मी तिथे होते. त्यानं आमच्या मातीच्या ढेकळावर बाटलीतून तेजाबाचे दोन थेंब टाकले. ढेकूळ फसफसलं, वर फेस आला. जमलेली माणसं मागे सरकली. एक म्हातारा म्हणाला, “माती जित्ती हाय रं.” बाबा म्हणाले, “बघ, मीठ जलतंय.”

“मीठ नाही काका, चुना,” तो म्हणाला. “मीठ असं फसफसत नाही. तुमच्या मातीत चुना फार आहे आणि पाण्याला निघून जायला वाट नाही. दोन्ही एकत्र आलं की भाताला जमिनीतलं हवं ते घेता येत नाही. उपाशी राहतं ते. पिकात एकदा पाणी काढून टाका, आठ-दहा दिवस जमिनीला हवा लागू द्या.”

बाबांनी मान डोलावली. साहेब माणसासमोर ते नेहमीच मान डोलवायचे. तो गेल्यावर म्हणाले, “पोरगा चांगला हाय, पन खाडी बघितलेली नाय.”

जाताना त्या तरुणानं माझ्या पनवेलच्या शाळेचा पत्ता लिहून घेतला होता. महिन्याभरानं तपासणीचा कागद शाळेत आला. मी तो घेऊन घरी गेले, आणि ओटीवर बाबांसमोर बसून मोठ्यानं वाचला. मला वाटत होतं की छापील कागदावर असलं म्हणजे त्यांना मानावंच लागेल. चुना अतिशय जास्त. निचरा अपुरा. क्षार सामान्य.

“क्षार म्हंजे?” बाबांनी विचारलं.

“मीठ.”

“मंग सामान्य म्हंजे काय?”

“म्हणजे त्रास होईल इतकं नाही.”

बाबांनी वाकून कागदाकडे पाहिलं. मग म्हणाले, “बाय, यो कागद दुसऱ्याच्या मातीचा आसंल. अदलाबदल झाली आसंल. किती पुड्या व्हत्या त्याच्या पिशवीत, तू बगितल्यास ना?” ते चिडून बोलले नाहीत. त्या माणसाची चूक पदरात घ्यावी अशा आवाजात बोलले. मला मात्र इतका संताप आला की मी कागद घडी करून आत गेले आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या वर्षीही भात तांबडं पडायला लागलं. श्रावणातल्या एका रविवारी मी आणि आई आपट्याला होतो. बांधाच्या एका कोपऱ्यात चिंबोरीनं भोक पाडलं होतं, बाबांच्या नजरेतून ते सुटलं होतं. पाणी झिरपत होतं आणि त्या कोपऱ्यात दोन-तीन हात जागेतलं भात हिरवंगार उभं होतं. पुढे सगळं गंजलेलं. आई त्या कोपऱ्याशी उभी राहिली, मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “मासे खायाला नव्हता तोडत,” ती म्हणाली. तेवढंच.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता तोडू या. कुदळ खोपटात होती. आईनं माझा हात धरला. त्यांना सांगून तोडू, म्हणाली. मी म्हटलं सांगून झालं, कागद वाचून झाला. ती म्हणाली, “त्यांच्या हातचा बांध हाय. त्यांच्या पाठीमागं तोडला तर त्यांना तोंड कुठं ऱ्हाईल?” आणि ती खोपटात भांडी आवरायला गेली.

मी तोडला. सगळा नाही, तेवढा जीव झाला नाही. त्या भोकाच्या दोन्ही बाजूंनी कुदळीनं माती ओढली आणि वाट हातभर रुंद केली. पाणी धावत सुटलं. मला इतका आनंद झाला की मी तिथेच चिखलात उभी राहून हसत होते. दुसऱ्या दिवशी मी पनवेलला शाळेत गेले. तीन दिवसांनी बाबा आपट्याला जाऊन आले, आणि जेवताना पानाकडे बघत म्हणाले, “शेताला चिंबोरी लागलीय. कुदल घेऊन फिरते.” आईचा चेहरा उतरला. बाबांनी वाट बुजवली होती, दगड घालून, परत कुणी खणू नये अशी. ते ओरडले असते तर मी भांडले असते. त्यांनी मला वाढायला सांगितलं आणि मी वाढलं. त्यानंतर त्या बांधाला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

त्या वर्षी एकच टोपली निघाली. पौषात बाबा शेतात एकटे बसून आले आणि म्हणाले, “मीठ वरच अडकलंय. खाली जात नाय.” मग त्यांनी जे ठरवलं ते फक्त आमच्या गावचा माणूसच ठरवू शकतो. मिठागरात खराब थर आला की तो खरवडून बाहेर टाकतात आणि खाली कोंडी, म्हणजे मीठ पिकवायचा वाफा, चांगली निघते. शेताचंही तसंच करायचं. वरची दीड हात माती काढून टाकायची, खाली गोडी जमीन मिळेल. आणि ती माती उचलून न्यायला एक वीटभट्टीवाला तयार होता. त्याला नदीकाठची काळी माती हवीच होती. विकायचं काही नाही, जमीन आपलीच राहणार, माती तेवढी जाणार. बाबा हे सांगत होते तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना इलाज सापडला होता.

चुनखडे खाली जास्त असतात. त्या तरुणानं गज ओढून काढला तेव्हा मी पाहिलं होतं, जेवढं खोल तेवढं पांढरं. मी हे सांगितलं. बाबा म्हणाले, “तेच तर. खाली गेलेलं मीठच ते.” मग म्हणाले, “आन् दीड हाताच्या खाली आपुन जानारच नाय.” त्यांच्या बोलण्यात जे विचारावं त्याला उत्तर होतं. माझ्या बोलण्यात नुसतं बरोबर असणं होतं, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

कागदावर अंगठा आईचा लागणार होता. भट्टीवाला घरी आला, मध्यम वयाचा, मवाळ माणूस, चहा घेतला. घरात वाचता येणारी मीच, म्हणून मलाच वाचायला लावलं. येत्या दिवाळीनंतर माती काढायला सुरुवात, तोवर शेत पडीक, गाड्यांसाठी बांधातून वाट करायची परवानगी. मी आईकडे बघत होते. तिनं नाही म्हणावं म्हणून मी मुद्दाम हळू वाचलं, दोनदा वाचलं. आईनं विचारलं, “माती परत भरतात का?” भट्टीवाला म्हणाला, नदी गाळ आणते की दर वर्षी. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा तिच्याकडे इतक्या आशेनं बघत होते की तिनं अंगठा पुढे केला. मी तिचं बोट शाईत धरलं. ते काम मी केलं हे लिहून ठेवते.

उन्हाळ्यात भट्टीवाल्याच्या माणसांनी बांधात गाडी जाईल एवढी मोकळी वाट पाडली. बाबा त्या वर्षी आपट्याला गेलेच नाहीत. गावच्या बांधाच्या कामाला त्यांना बोलावलं होतं, आणि पडीक शेतात जाऊन करायचं काय? आईकडे टोपलीभर बियाणं उरलं होतं. जून संपता संपता ती मला म्हणाली, “घरात उंदीर खातील. चल, फेकून येऊ.” मोड आणलेलं बी आम्ही दोघींनी त्या चिखलात सकाळी फेकलं, नांगर नाही, आवणी नाही. पाणी बांधातल्या वाटेनं येत होतं, जात होतं. आईनं त्या वाटेकडे एकदा पाहिलं. बुजवायला आमच्याकडे माणूस नव्हता, आणि आता कुणासाठी बुजवायची?

मधे मी शाळेत अडकले. आई दोनदा एकटीच जाऊन आली आणि काही बोलली नाही. नवरात्रात मी तिच्याबरोबर गेले. वाटेवरून वळलो आणि मला आधी कळलंच नाही की मी काय बघतेय. शेत भरलं होतं. कडेपासून मधल्या खोलगट भागापर्यंत, एकही तांबडं पान नाही. लोंब्या वाकल्या होत्या. फेकलेलं बी म्हणून ओळी नव्हत्या, कुठे दाट कुठे विरळ, पण सगळं पोसलेलं. मी आईला मिठी मारली आणि रडले. आई रडली नाही. ती म्हणाली, “त्यांना आन.”

मी बाबांना घेऊन आले. ते गाडीवाटेशी थांबले. मग आत शिरले आणि शेताला पूर्ण फेरी घातली, बांधावरून, पायानं चाचपत, सवयीनं. परत त्या मोकळ्या वाटेशी आले. तिथून पाण्याची बारीक धार नदीकडे चालली होती. ते खाली बसले, धारेत हात घातला, मग एक लोंबी ओढून दाणा दातानं फोडला. आई समोर उभी होती.

“काय केलास तू?” त्यांनी विचारलं.

“काय नाय,” आई म्हणाली. “काय केला नाय.”

बाबांनी मान खाली घातली. त्यांची टोपी मला दिसत होती, चेहरा नाही. दोन वर्षं ज्यांच्यावर मी मनातल्या मनात चिडले होते, त्यांच्यासाठी त्या क्षणी माझा जीव तुटला. माझं बरोबर ठरलं होतं आणि मला ते कुणाला सांगावंसं वाटत नव्हतं.

ते तसेच उठून भट्टीवाल्याकडे गेले. मी बरोबर होते. बाबांनी कधी कुणाची विनवणी केलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी त्यांनी हात जोडले. भट्टीवाल्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्यानं डोंगरावरच्या वाड्यांतून मजूर ठरवले होते, बायकापोरांसह ते निघालेही होते, भट्टीची जागा सारवून झाली होती. दुसरी माती आता या घडीला कुठून आणू, म्हणाला. पीक काढून घ्या, तोवर थांबतो, तेवढं करतो. आणि तो थांबला. त्याला दोष द्यावा असं मला तेव्हाही काही सापडलं नाही. त्या मातीच्या विटा पुढच्या पावसात फुटल्या, भाजलेल्या चुनखड्यांना पाणी लागून, पण ती त्याची कहाणी आहे.

दिवाळी झाल्यावर आम्ही कापणीला गेलो. मजूर येऊन पोचले होते, त्यांनी शेताच्या कडेला पेंढ्याच्या झोपड्या घातल्या होत्या. आम्हाला तिघांना कापताना पाहून त्यांच्यातल्या चार बायका न सांगता विळे घेऊन उतरल्या. दोन दिवसांत शेत मोकळं झालं. झोडणी खोपटासमोर झाली. पोती भरली, एक नाही, गाडी भरेल एवढी. आईनं मदतीला आलेल्या बायकांच्या ओच्यात सुपानं भात घातलं. बाबांनी गाडी जुंपली, पोती चढवली, दोर आवळला, आणि शेताकडे पाठ करून गाडीशी उभे राहिले.

आई बांधावर होती. खाली त्या बायका आता फावडी आणि घमेली घेऊन आल्या होत्या. त्यांच्यातली एक, कापणीला आईच्या शेजारी असलेली, पुढे येऊन थांबली. तिनं ताज्या कापलेल्या धसकटांकडे पाहिलं, मग आईकडे.

“बाय,” ती म्हणाली, “आसा शेत कोन खनाया सांगतो?”

“आमीच सांगितला,” आई म्हणाली, आणि त्यांना काम सुरू करता यावं म्हणून बांधावरून खाली उतरली.